अंतर्कर्णाचा कोट

भाषेचा अध्यापक कानाविषयी बोलू लागला की नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भाषा प्रथम कानाच्या वाटेनेच येते. ज्या बालकाची ती वाट जन्मतःच बुजते, त्याची वाणीही अडते. म्हणून हा विषय मला परका वाटत नाही.

बेळगावचा किल्ला आपण पाहिलेला आहे. भक्कम तट आणि भोवती खंदक. अंतर्कर्णाची रचनाही अशीच आहे. कवटीच्या अत्यंत कठीण हाडात, गोगलगायीच्या शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची नळी असते. तिला कर्णावर्त म्हणतात. तिच्यातील सुमारे १५,००० केशपेशी ध्वनी टिपतात. त्या एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात पुन्हा उगवत नाहीत. एवढा बंदोबस्त आहे तो यासाठीच. कान फुटून वाहू लागला, तरी आतील गोल खिडकीवरचा तीन पदरी पडदा जंतूंना बहुधा थोपवून धरतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी तर इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की रक्तातून सहसा कोणालाच आत प्रवेश नाही. (पुष्कळ औषधांनाही नाही, ही त्यातली अडचण.) शिवाय आत भक्षक पेशींचा कायमचा पहारा असतो.

तथापि या कोटाला एक चोरवाट आहे. मेंदूभोवतीच्या द्रवाशी त्याला जोडणारी एक सूक्ष्म नलिका असते. मेंदूच्या आवरणाला दाह झाला म्हणजे जंतू तिच्यातून शिरू शकतात. मग रक्षक पेशींची कुमक धावून येते आणि तिथेच घात होतो. त्या झुंजीत केशपेशीच होरपळतात. काही रुग्णांत तर ती नळी पुढे हाडाने भरून जाते. कृत्रिम कर्णावर्त बसवायचे झाल्यास शस्त्रवैद्य त्वरा करतात ती याचमुळे.

तेव्हा शत्रूला वेशीबाहेरच अडवणे श्रेयस्कर. गर्भवतीला रुबेला झाल्यास बालक बहिरे जन्मू शकते. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम देशात प्रथम ज्या पाच प्रदेशांत सुरू झाली, त्यांत आपले कर्नाटक आणि शेजारचा गोवा होता.

गालगुंडाने बहुधा एकच कान जातो आणि ते कोणाच्या ध्यानीही येत नाही. माझ्या वर्गात एक विद्यार्थी सदैव मान डावीकडे वळवून बसे. खिडकीबाहेर पाहतो, असे समजून मी त्याला अनेकदा बोललो. त्याचा डावा कान लहानपणीच गेला होता आणि उजवा तो माझ्याकडे करीत असे. मला हे कळून मी त्याला पहिल्या बाकावर बसवले, तेव्हा वर्ष संपत आले होते.