नोटबुकला द्या नवा लुक!

मोबाइलचा वॉलपेपर आपण दर आठवड्याला बदलतो, डेस्कवर आवडीचा मग ठेवतो. पण ज्या स्क्रीनकडे रोज आठ-आठ तास बघायचं, ती मात्र आली तशीच! मी बोलतेय ज्युपिटर नोटबुकबद्दल. डेटाशी दोस्ती असलेल्यांना ती नवीन नाही. 2014 साली आयपायथॉन प्रोजेक्टमधून ज्युपिटर पुढे आलं. ज्युलिया, पायथॉन आणि आर या तीन भाषांवरून हे नाव पडलं.

लुक बदलायचा फंडा एकदम सोप्पा. ज्युपिटरलॅबच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'थीम' उघडा, 'डार्क' निवडा. झालं! कोडचा फॉन्टही तिथेच लहान-मोठा करता येतो. नेटवर 'ज्युपिटर-थीम्स' पॅकेजचं भरपूर कौतुक वाचाल, पण ते जुन्या नोटबुकसाठी होतं. 2023 मध्ये आलेल्या सातव्या व्हर्जनने आतला सांगाडाच बदलला. तेव्हा तो नाद सोडा.

डार्क दिसतं कूल, यात वादच नाही. रात्री मंद दिव्यात काम करणाऱ्यांना तर ते हवंहवंसं वाटतं. पण चष्म्याचा सिलिंड्रिकल नंबर असेल, तर काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरट दिसू शकतात. लख्ख उजेडाच्या ऑफिसात लाइट थीमच वाचायला बरी. म्हणून मित्राची थीम बघून भुलू नका, आपल्या डोळ्यांना विचारा.

आता खरी गोम ऐका. थीम फक्त तुमच्या स्क्रीनवर राहते. फाइल बॉसला पाठवली, की त्याला त्याचीच थीम दिसते. चार्टचं मात्र तसं नाही. ते चित्र म्हणून फाइलमध्येच बसलेले असतात. मॅटप्लॉटलिबची 'डार्क बॅकग्राउंड' स्टाइल लावून काढलेला चार्ट पांढऱ्या रिपोर्टमध्ये काळ्या डागासारखा दिसतो आणि प्रिंटरची शाई खातो, ते वेगळंच! पाठवण्याआधी 'डिफॉल्ट' स्टाइल लावून सगळे सेल पुन्हा रन करा.

रंगांचंही तेच. लाल-हिरव्यातला फरक काहींना नीट दिसत नाही. म्हणूनच मॅटप्लॉटलिबने 2017 मध्ये आकड्यांच्या चढउतारासाठी 'व्हिरिडिस' ही जांभळ्याकडून पिवळ्याकडे जाणारी रंगपट्टी डिफॉल्ट केली. ती रंगांधांनाही वाचता येते.

थोडक्यात काय, थीम आपल्या डोळ्यांसाठी, चार्ट समोरच्याच्या. घरात हवं तसं राहा, पण बाहेर पडताना एकदा आरशात बघा!