पोवळ्याची दंडार

दोस्तांनो, आपला भंडारा जिल्हा तळ्यांचा. समुद्र इथून कितीतरी दूर! मग मालवणच्या समुद्रातली पोवळी पांढरी का पडतात, हा शास्त्रीय लेख गावाला कसा सांगाल? दिवाळीनंतर मंडईच्या रात्री दंडार रंगते ना? तिच्यातूनच सांगा!

पात्रं दोन. पोवळं, म्हणजे चिमुकला प्राणी, हा घरमालक. त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ हा भाडेकरू. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं आणि भाडं म्हणून मालकाला देतं. पोवळ्याचा रंगही बहुतेक त्याचाच! पण पाणी ऐन उन्हाळ्यापेक्षाही एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की भांडण लागतं.

इथे मात्र जपा हं! भाडेकरू पळून गेला असं दाखवलंत, तर हशा पिकेल, पण ते खोटं. तापलेलं शेवाळ अपायकारक द्रव्यं सोडतं, म्हणून पोवळंच त्याला बाहेर काढतं. आणि पांढरं पडलं म्हणजे मेलं, असंही नाही. पाणी लवकर निवलं तर शेवाळ पुन्हा वाढतं. नाही निवलं तर पोवळं उपाशी मरतं. १९९८ आणि २०२४ साली जगभरच्या समुद्रांत पोवळी अशीच पांढरी पडली होती.

आता हीच गोष्ट पत्रातून लिहा, बातमीतून लिहा. सोंग खुशाल बदला, शास्त्र मात्र बदलू नका!