गुन्हा न करताही ‘कैदी’ आणि राखणीला मिशनरी : सोलापूरच्या सेटलमेंटची गोष्ट

अणदूरहून हायवेने निघालं की तासाभरात सोलापूर येतं. तिथं रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ म्हणा, तो बरोबर नेऊन सोडेल. पण कॉलनीच्या नावात ‘फ्री’ कशाला?

कारण शेजारी तारेचं कुंपण होतं.

नेमकं काय होतं हे सेटलमेंट?

इंग्रजांनी 1871 मध्ये ‘गुन्हेगार जमाती कायदा’ आणला. 1911 मध्ये तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. ना खटला, ना शिक्षा. तरीही बोटांचे ठसे, रोजची हजेरी आणि बाहेर जायला परवानगी.

मग मिशनरी कुठून आले?

सरकारला या वसाहती चालवायला माणसं हवी होती आणि मिशनऱ्यांना ‘सुधारणे’साठी माणसं. 1908 पासून साल्व्हेशन आर्मीने उत्तर भारतात हे काम हाती घेतलं. त्यांचे प्रमुख बूथ-टकर स्वतः माजी आयसीएस अधिकारी होते. सोलापुरात 1910 च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनकडे व्यवस्था आली.

शाळा निघाल्या, दवाखाना मिळाला. मोठी माणसं गिरणीत कामाला लागली. बऱ्याच घरांत पहिलं अक्षर इथंच आलं. वागणूक चांगली दिसली की कुंपणाबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त घर मिळायचं.

पण गोम इथंच आहे. तुरुंगात धर्मसेवा करणारा पाद्री कैद्याला भेटून परत जातो, किल्ली जेलरकडे असते. सोलापुरात सेवा करणारा आणि हजेरी घेणारा एकच होता. ज्याने गुन्हाच केला नाही, त्याला सुधारायचं तरी काय?

पुढे काय झालं?

मुंबई प्रांतात हा कायदा 1949 मध्ये गेला, देशभरात 31 ऑगस्ट 1952 ला. म्हणून 31 ऑगस्ट हा ‘विमुक्त दिन’.

शिक्का मात्र लगेच पुसला गेला नाही. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत जातीवरून कामं वाटली जात होती आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरलं जात होतं. सुप्रीम कोर्टाने ते नियम घटनाबाह्य ठरवले, तो दिवस होता 3 ऑक्टोबर 2024.

कुंपण पडल्यानंतर सत्तरहून अधिक वर्षांनी.