तारण, नवा जन्म आणि नागपूर–राजनांदगाव गाडी

साल १८९३. नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या आगगाडीत एक तरुण मराठी कवी आणि एक गोरा गृहस्थ समोरासमोर बसलेले. गप्पा रंगल्या, बोलणं धर्मावर आलं. निरोप घेताना त्या गृहस्थानं कवीच्या हाती नवा करार दिला आणि सांगून टाकलं, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल! कवीला ते काही पटलं नाही, पण पुस्तक वाचायचं वचन त्यानं दिलं.

हा कवी म्हणजे नारायण वामन टिळक. आणि ही गाडी जाते कुठून? भंडारा रोड, तुमसर रोड, वैनगंगेचा पूल, तिरोडा, गोंदिया. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. त्याआधी हा सगळा टापू भंडारा जिल्ह्यातलाच. मराठी ख्रिस्ती इतिहासातला सर्वांत गाजलेला रेल्वेप्रवास भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातून झाला, ही गोष्ट वरठीच्या (म्हणजे भंडारा रोडच्या) फलाटावर पाटी लावून सांगण्यासारखी आहे.

तीन अध्यायांत मुक्काम

टिळकांनी वचन पाळलं. खुणा करत वाचण्याची त्यांची सवय. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते पाचव्या, सहाव्या, सातव्या अध्यायापर्यंत आले आणि तिथून त्यांचा पाय निघेना. हे डोंगरावरचं प्रवचन: शत्रूवर प्रेम करा, उजव्या हाताचं दान डाव्याला कळू देऊ नका. तत्त्वज्ञानातल्या अवघड प्रश्नांची उत्तरं आपल्याला इथे मिळाली, असं त्यांनी पुढे सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांचं भाकीत खरं ठरलं!

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. या तीन अध्यायांत नरकाची ताकीद आहे, पण टिळकांना भीतीनं ओढलं नाही. ओढलं ते प्रेमानं. आणि ख्रिस्तापर्यंत आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, हे ते शेवटपर्यंत अभिमानानं सांगत राहिले.

एका घरात पाच वर्षांचं अंतर

लक्ष्मीबाई टिळकांचा बाप्तिस्मा मात्र १९०० सालचा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. आधी ताटातूट सोसली, माहेरच्यांच्या आधारानं दिवस काढले, मग पुन्हा संसार जुळला. तरी सोवळं सुटायला वेळ लागला. जात देवानं केली की माणसानं, या प्रश्नाशी त्या एकट्याच झुंजल्या आणि एके दिवशी शिवाशिव टाकून दिली. कोणाच्याही हातचं खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्म्याचं पाणी त्यानंतर! ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना नवा जन्म कसा असतो ते इथे लख्ख दिसतं.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त चालणार होते. बाप्तिस्म्याशिवाय तारण होतं का? त्या काळी हा प्रश्न उघडपणे मांडायला छाती लागत होती.

रात्री आलेले गुरुजी

‘नवा जन्म’ ही कल्पना बायबलमध्ये ठळकपणे येते ती योहानाच्या तिसऱ्या अध्यायात. निकदेम हा यहुद्यांचा मोठा धर्मशिक्षक रात्री येशूकडे येतो आणि विचारतो, म्हातारा झालेला माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा शिरणार? येशू सांगतो तो जन्म पाण्याचा आणि आत्म्याचा. मेल्यावरचा नव्हे, याच देहात, याच आयुष्यात होणारा. या गुरुजींचा नवा जन्म झाला की नाही, हे शुभवर्तमान सांगतच नाही. शेवटी ते दिसतात ते येशूच्या दफनाच्या वेळी, जवळजवळ ३३ किलो सुगंधी द्रव्यं घेऊन आलेले.

हे तर आपल्याकडे माहीत आहे!

भंडाऱ्याच्या वाचकाला याच जन्मातला नवा जन्म समजावून सांगावा लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो धम्म दिला, त्याच्या २२ प्रतिज्ञांपैकी एक नेमकी हीच आहे: आज माझा नवा जन्म होतो आहे, असं मानण्याची. बाबासाहेबांनी १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक लढवली तीही भंडाऱ्यातून. ख्रिस्ती नवा जन्म देवाच्या कृपेवर उभा, बौद्ध नवा जन्म माणसाच्या निश्चयावर. वाटा वेगळ्या, पण जुनं ओझं उतरवून ताठ उभं राहण्याची ओढ या मातीला चांगली परिचयाची आहे.

दूध आणि मध

प्राचीन चर्चमध्ये पाण्यातून वर आलेल्या नवख्रिस्ती माणसाला, मग तो मिशीवाला शिपाई का असेना, दूध आणि मध चाखवत. एकीकडे बायबलमधल्या वचनदत्त देशाची ती चव, दुसरीकडे नवजात बाळाचा आहार. बाप्तिस्म्याची कितीतरी जुनी कुंडं अष्टकोनी असतात तीही उगाच नव्हेत: सहा दिवसांत जग झालं, सातवा दिवस विश्रांतीचा, आठवा पुनरुत्थानाचा, नव्या सृष्टीचा.

घड्याळ लावून तारण

मराठी मंडळ्यांमध्ये ‘साक्ष’ देताना अनेक जण आपल्या तारणाची तारीख सांगतात. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीनं तर वेळही लिहून ठेवली: लंडन, २४ मे १७३८, रात्री पावणेनऊच्या सुमारास.

याउलट ‘अमेझिंग ग्रेस’ लिहिणारा जॉन न्यूटन. १७४८ च्या समुद्री वादळात त्यानं देवाला हाक मारली, पण गुलामांच्या व्यापारातली जहाजं तो १७५४ पर्यंत हाकतच राहिला. त्या व्यापाराविरुद्ध जाहीरपणे लिहिलं ते १७८८ मध्ये. चाळीस वर्षं! तारीख सांगता येते म्हणून काम पुरं झालं असं नाही, हे न्यूटनकडून शिकावं.

बाळाला की मोठ्याला? नागपूरचा तोडगा

कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन, अँग्लिकन तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करतात. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल म्हणतात, आधी विश्वास, मग पाणी, आणि तेही पूर्ण बुडवून. युरोपात सोळाव्या शतकात या वादापायी माणसं बुडवून मारली गेली. आणि भंडाऱ्याहून तासा-दीड तासावरच्या नागपुरात? २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. त्यात दोन्ही मतांचे लोक होते. त्यांनी दोन्ही रीती ठेवल्या. आईबापांनी हवं तर बाळाचा बाप्तिस्मा करावा, हवं तर बाळ देवाला अर्पण करून मोठेपणी त्याला स्वतः ठरवू द्यावं. इतका समंजस तोडगा जगात फार थोड्या ठिकाणी निघाला.

तारण कृपेनं की सत्कर्मानं, या दुसऱ्या जुन्या भांडणावर लुथरन आणि कॅथलिकांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या त्या ३१ ऑक्टोबर १९९९ ला, आउग्सबुर्गमध्ये. मार्टिन लुथरचे ९५ मुद्दे ३१ ऑक्टोबर १५१७ चे. हिशेब वाचकानं करावा.

बाप्तिस्मा झाला, आता वाचायचं काय?

गोव्यातल्या नवख्रिस्ती लोकांनी हा प्रश्न फादर थॉमस स्टीफन्सना विचारला: पूर्वीची पुराणं सुटली, मग आम्हाला नवं पुराण द्या. हा इंग्रज जेझुइट १५७९ ला गोव्यात आलेला. त्यानं जवळजवळ ११ हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ ला ते राशोलला छापलं गेलं, मराठी ओवी पण रोमन लिपीत! आदामाच्या पापापासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंत तारणाची सारी कथा त्यात आहे, आणि स्वर्ग आहे ‘वैकुंठ’.

धर्म सापडला, ख्रिस्त नाही

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. शास्त्र तोंडपाठ असलेली बाई, ख्रिस्ती मतंही तावूनसुलाखून घेतलेली. आणि तरी आठेक वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडायचा आहे. हे त्यांनी स्वतःच्या साक्षीत मोकळेपणानं लिहिलं आहे. इतकी ख्याती असताना असं कबूल करणं सोपं नव्हतं.

त्या वळणावर त्यांच्या हाती आलं विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र. त्याची कथा भन्नाट आहे. १८५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या बाल्ढू गावी हा पाळक व्यासपीठावर उभा राहून परुश्यांवर, म्हणजे येशूच्या काळच्या कर्मठ यहुद्यांवर, प्रवचन करत होता. बोलता बोलता त्याला उमगलं, की आपणही त्यांच्यासारखेच आहोत. आपलंच तारण झालेलं नाही. त्याचा आवाज, चेहरा बदलला. श्रोत्यांतला एक जण उठून ओरडला, अहो, आपल्या पाळकाचंच परिवर्तन झालं! स्वतःच्या प्रवचनानं तरलेला पाळक, आणि त्याचं पुस्तक वाचून हललेली मराठी विदुषी.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या (भंडारा तेव्हा याच प्रांतात) आणि भुकेनं मरायला टेकलेल्या शेकडो बायका-मुलींना घेऊन आल्या. केडगावला त्यांच्यासाठी उभं राहिलं ते ‘मुक्ती’. हे नाव यशयाच्या साठाव्या अध्यायातलं आहे. तिथे देवाच्या नगरीच्या तटाला हे नाव मिळतं. तटाच्या आत विहिरी होत्या, माग होते, गोठा होता आणि छापखाना होता. खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकमधून सगळं बायबल भाषांतरित केलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. त्यांच्या या बायबलचे खिळे जुळवले आणि पानं छापली ती मुक्तीतल्याच बायकांनी.