कौल पुन्हा मागावा काय?

लोकांनी एकदा कौल दिल्यावर तोच प्रश्न पुन्हा मांडणे म्हणजे हवे ते उत्तर येईपर्यंत विचारीत राहणे, असा आक्षेप घेतात. तो अगदीच खोटा नाही. पण आयर्लंडची हकीकत पाहा. १९३७च्या राज्यघटनेने तेथे घटस्फोटाला बंदी केली होती. १९८६ साली ती उठवावी काय असे विचारले, तेव्हा शेकडा ६३.५ मते विरुद्ध पडली. चर्चचे वजन होतेच. परंतु नवऱ्याने दुसरा संसार थाटला तर घरातला, शेतातला आपला वाटा जाईल, ही बायकांची धास्ती काही धर्मातून आलेली नव्हती. (आपल्याकडच्या कोणत्या सुनेला ती कळणार नाही?) १९८९ मध्ये विभक्त दांपत्यांच्या घराची नि पोटगीची सोय लावणारा कायदा झाला आणि १९९५ साली प्रश्न पुन्हा विचारला गेला. या खेपेस बंदी उठली; मताधिक्य अवघे ९,११४! एवढ्याशा फरकावर हरलेल्यांनी तिसरा कौल मागितला असता, तर निदान मला तो गैर वाटला नसता. मात्र मधल्या काळात काही घडलेले हवे. सहा महिन्यांत तोच कागद पुढे करणे ही मतदाराची थट्टाच. २०१९ साली घटस्फोटाच्या अटी सैल करण्याचा प्रश्न आला, तेव्हा शेकडा ८२ मते अनुकूल पडली.