मोर्सची शिट्टी आणि बांबूचे नळकांडे

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. रोह्यात आमच्या आळीतले विजेचे खांब आडवे झाले, फोन मुके झाले. त्या रात्री बॅटरीवरचा लघुलहरी संच लावून मी 7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हौशी रेडिओचालकांचे मोर्स संदेश ऐकत होतो. शब्द येत होते, पण खरखरीत बुडत होते. 'पेण' हे नाव रोमन अक्षरांत पाठविले, तर मधला 'ई' म्हणजे केवळ एक बिंदू. तो हरवला की नाव संपले. 'रोहा'मधील 'एच' म्हणजे चार बिंदू. त्यातला एक गेला की त्याचा 'एस' होतो आणि रोह्याचे 'रोसा' होते!

मोर्सच्या रेडिओलहरीत मुळात आवाज नसतोच. ती फक्त चालू-बंद होते. लहर 7,020 किलोहर्ट्झची असेल आणि संचातील आंदोलक 7,019.3 किलोहर्ट्झवर असेल, तर दोहोंच्या फरकाइतका, म्हणजे 700 हर्ट्झचा स्वर हेडफोनमध्ये उमटतो. दोन नादकाट्यांचे विस्पंद आपण प्रयोगशाळेत ऐकतो, तेच हे. चकती किंचित फिरवली की स्वर चढतो किंवा उतरतो. म्हणजे स्वर निवडणे ऐकणाऱ्याच्या हाती असते, आणि इथेच बहुतेक नवशिके चुकतात. त्यांना कर्कश शिट्टी स्पष्ट वाटते. पण शेजारी 100 हर्ट्झवर दुसरे केंद्र बोलत असेल तर? 400 आणि 500 हर्ट्झ यांत षड्ज-गंधाराचे अंतर आहे. 1,000 आणि 1,100 यांत षड्ज-रिषभाइतकेही नाही. कान फरक मोजत नाही, गुणोत्तर मोजतो. म्हणून स्वर 500 ते 700च्या आसपास ठेवावा.

आता खरखरीकडे वळू. साधा संच सुमारे 3,000 हर्ट्झपर्यंतचे सारे हेडफोनकडे सोडतो. मिनिटाला 12 शब्दांच्या वेगात बिंदू 0.1 सेकंदाचा असतो. त्याला काही दशक हर्ट्झची रुंदी पुरते. उरलेले सगळे फुकटचे ओझे! 700 हर्ट्झभोवतालचा सुमारे 100 हर्ट्झचा पट्टा कान आपला आपण वेगळा करतो खरा, पण तासाभरात तो थकतो. त्याला मदत हवी.

त्यासाठी बांबूचे, आतून 3 सेंटिमीटर व्यासाचे नळकांडे घ्या (पेरे नको; प्लास्टिकची नळीही चालेल). एका तोंडाला हेडफोनची चकती कापसाने घट्ट बसवा, दुसरे उघडे ठेवा. एका बाजूने बंद नळीत तरंगलांबीच्या चौथ्या भागाला अनुनाद होतो. 25 अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला 346 मीटर, म्हणून 700 हर्ट्झची तरंगलांबी 49.4 सेंटिमीटर व तिचा चौथा भाग 12.4 सेंटिमीटर. उघड्या तोंडासाठी त्रिज्येच्या 0.6 पट, म्हणजे 0.9 सेंटिमीटर वजा करा. नळी 11.5 सेंटिमीटरची झाली. कान तोंडाला चिकटवू नका, बोटभर अंतर ठेवा. कापण्यात चूक झाली तरी बिघडत नाही. स्वर सर्वांत मोठा होईपर्यंत चकती फिरवा, म्हणजे स्वरच नळीशी जुळेल. एक खोट मात्र राहते. 2,100 हर्ट्झच्या आसपासच्या खरखरीलाही नळी साथ देते.

विजेची गाळणी करायची असेल, तर 88 मिलिहेन्रीचे वेटोळे आणि 0.6 मायक्रोफॅरडचे धारित्र एकसरीत जोडा. अनुनाद 693 हर्ट्झला येतो. मात्र गाळणी फार अरुंद करण्याचा मोह टाळा. 5 हर्ट्झ रुंदीच्या गाळणीत स्वर विरायला 60 मिलिसेकंदांहून अधिक लागतात. दोन बिंदूंमधली शांतता 100 मिलिसेकंदांचीच असते, मग बिंदू एकमेकांत मिसळून नुसता घुमणारा आवाज उरतो.

आणखी एक गोष्ट. ऑक्टोबरात सह्याद्रीवर विजा चमकू लागल्या की हेडफोनमध्ये कडाड असे फटके बसतात. हेडफोनच्या दोन तारांमध्ये दोन सिलिकॉन डायोड उलटसुलट जोडावेत, 0.6 व्होल्टच्या वरचा फटका ते कापतात. वीज जवळ आली असेल, तर मात्र संदेश अर्धा राहिला तरी चालेल, आधी एरियल काढून बाहेर टाकावी.