गॅरिबाल्डी तलावाच्या वाटेवर उतरलेली साखर

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मुलीकडे कॅनडाला गेलो होतो. मुलगी, जावई आणि दोन नातवंडे व्हँकूवरला लागून असलेल्या बर्नाबी शहरात राहतात. परत आल्यापासून जो भेटतो तो "काय काय पाहिलंत?" असे विचारतो आणि मी मोबाईलमधला एक फोटो दाखवते. त्यात निळसर हिरवा तलाव आहे, पलीकडे बर्फाचे डोंगर आहेत आणि अलीकडे दगडावर बसून माझे यजमान हसत आहेत. त्यानंतर दोन तासांत जे घडले ते त्या फोटोत नाही. ते या सदरात लिहावे असे यजमानांनीच सुचवले. "नावं ठेवायची तर मला ठेव, पण लिही," असे त्यांचे शब्द.

यजमान ७६ वर्षांचे, मी ७२. त्यांना २० वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळीही चालू आहे. मी ३४ वर्षे मुंबईत परिचारिकेची नोकरी केली. त्यामुळे मला माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय मला नाही.

आम्ही गेलो होतो तो गॅरिबाल्डी लेक ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हँकूवरहून व्हिसलरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. इटलीचा पुढारी गॅरिबाल्डी याचे नाव १८६० साली एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याने इथल्या डोंगराला दिले आणि तेच पुढे तलावाला आणि १९२७ साली झालेल्या उद्यानाला मिळाले. सगळा मुलूख ज्वालामुखीचा आहे. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी इथल्या एका डोंगरातून लाव्हा उतरला. तेव्हा खालच्या दरीत बर्फाचा प्रचंड थर होता. लाव्हा बर्फावर आदळून तिथेच थिजला आणि त्याची सुमारे ३०० मीटर उंचीची भिंत उभी राहिली. तिला बॅरियर म्हणतात. त्या भिंतीमागे पाणी साठून हा तलाव झाला. गंमत म्हणजे या भिंतीवरून पाणी वाहत नाही, तर लाव्हाच्या फटींतून झिरपून खाली झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते.

आमचे मूळ गाव अलिबागजवळ. कोकणातला काळा पाषाण आम्ही लहानपणापासून पाहिलेला, घराच्या जोत्याला तोच आणि विहिरीलाही तोच. तोही लाव्हाचाच. पण आपला दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा, झिजून गुळगुळीत झालेला. तिथला अजून कच्चा आहे. १८५५-५६ च्या हिवाळ्यात बॅरियरचा मोठा भाग कोसळून खालच्या दरीत गेला. १९८० साली सरकारने तो पट्टा राहण्यास धोक्याचा ठरवला आणि तिथली वस्ती उठवली. आजही बॅरियरखालच्या पट्ट्यात थांबू नका, रेंगाळू नका अशी सूचना आहे. म्हाताऱ्या माणसाला दम खायला थांबायचे असते आणि सरकार म्हणते थांबू नका!

वाटेची लांबी एका बाजूने ९ किलोमीटर आणि चढण सुमारे ८२० मीटर. हे आकडे मुलीने आधीच सांगितले होते. जावयाचे म्हणणे, आई-पप्पांसाठी कुठेतरी सपाट जागा पाहावी. यजमानांना तो अपमान वाटला. ठाण्याला आम्ही रोज सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारतो. जाण्याआधी तीन महिने येऊरच्या चढावरही जात होतो, कनकेश्वराच्या सातशेच्या वर पायऱ्या एकदा न थांबता चढलो होतो (मी दोनदा थांबले, हे खरे सांगते). बर्नाबीत रोज दोन तास चालणे चालूच होते. तेव्हा पायांची तयारी होती. ठरले असे की सहा किलोमीटरवर जिथे वाट फुटते तिथपर्यंत आम्ही दोघे जायचे आणि तिथून मागे फिरायचे. बाकीच्यांनी तलावापर्यंत जावे.

शनिवारी शब्बाथ, म्हणून रविवार ठरला. पहाटे साडेचारला सगळे उठले. यजमानांनी चहा आणि दोन मारी बिस्किटे घेतली आणि रोजच्या गोळ्या घेतल्या. मधुमेहासाठी ते मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात. न्याहारी गाडीत करायची होती, पण रस्ता वळणांचा, त्यांना मळमळू लागले. अर्धी चपाती खाऊन डबा बंद केला. मी ते पाहिले. "वर गेल्यावर खातील" असे मनात म्हटले आणि खिडकीबाहेर समुद्र पाहू लागले.

सात वाजता चालायला सुरुवात झाली. पहिले सहा किलोमीटर घनदाट जंगलातून नागमोडी चढ आहे. डग्लस फरची झाडे अशी की शेंडा पाहायला मान मागे टाकावी लागते. या चढाला मी सगळ्यांना एकच नियम घातला होता : चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. मध्येच दम घ्यावा लागला तर वेग कमी करायचा. छातीत, जबड्यात किंवा हातात जडपणा वाटला तर तिथेच थांबायचे आणि सांगायचे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी घेणाऱ्यांनी नाडीच्या ठोक्यांवर विसंबू नये, कारण ती गोळी ठोके वाढू देत नाही. यजमान तीच गोळी घेतात. ते वाटभर बोलत होते, नातवाला आपल्या शाळेच्या फुटबॉलच्या गोष्टी सांगत होते. मला त्याचेच समाधान वाटले.

सव्वादहाला फाट्याशी पोहोचलो. पुढे थोड्या अंतरावरून बॅरियर दिसतो. लालसर, काळपट, उभा कडा, खाली दगडांचा खच. ते पाहून यजमान म्हणाले, "आता तीनच किलोमीटर. इथपर्यंत येऊन भिंत बघून परत जायचं, पाणी नाही बघायचं?"

मी हो म्हटले. ते चुकले असे आजही मला वाटत नाही. त्यांचे पाय बरे होते, दम बरा होता आणि पुढची वाट बरीच सौम्य आहे. माझे चुकले ते हे की मी पाय पाहिले, दम पाहिला, पण सकाळपासून पोटात काय गेले आहे त्याचा हिशेब केला नाही. पाच तासांपूर्वीची बिस्किटे, अर्धी चपाती आणि वाटेत मूठभर शेंगदाणे. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. मेटफॉर्मिन एकटी घेणाऱ्याला सहसा त्रास होत नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन पोटात काही असो वा नसो साखर उतरवतच राहतात.

सव्वाबाराला तलाव दिसला. पाण्याचा तो रंग हिमनद्यांनी दगड दळून केलेल्या बारीक पिठाचा असतो, ते पीठ पाण्यात तरंगत राहते आणि त्यावर ऊन पडले की असा रंग दिसतो. काठाकाठाने आम्ही बरेच चाललो. नातू गुडघाभर पाण्यात उतरला आणि ओरडत बाहेर आला. मी माझ्या आयुष्यात इतके स्तब्ध पाणी पाहिलेले नाही. तोच तो फोटो. जेवायला बसलो तेव्हा यजमानांनी एक उकडलेले अंडे खाल्ले आणि "भूक मेली, खाली जाऊन जेवतो" म्हणाले. अंड्याने ताकद येते असे आपण म्हणतो, पण अंड्यात साखर जवळजवळ नसते.

दीड वाजता परत निघालो. वाटेत लेसर गॅरिबाल्डी नावाचा लहान तलाव लागतो, नातवंडे त्याला धाकटा गॅरिबाल्डी म्हणत होती. त्याच्या काठाने चालताना यजमान गप्प झाले. दमले असतील असे वाटले. दहा वर्षांची नात त्यांच्याबरोबर होती. एका ओंडक्यापाशी तिने हात पुढे केला, "आजोबा, हात धरा." त्यांनी तिचा हात झटकला आणि तिच्यावर ओरडले. ती रडवेली झाली. मी पुढे होते, मागे वळून म्हटले, "अहो, असं काय लहान मुलासारखं करता? पोरीवर कशाला राग?" त्यावर ते मला उद्देशून बोलले, पण हाक मारली ती त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने.

तेव्हा मी जवळ गेले. वारा थंड होता, आम्ही सगळ्यांनी स्वेटर घातले होते, आणि त्यांच्या कपाळावर, मानेवर घामाचे थेंब होते. शर्टाची कॉलर ओली. वॉर्डात असते तर दारातूनच ओळखले असते. स्वतःच्या नवऱ्याच्या बाबतीत मी आधी त्यांना दटावले.

त्यांना खाली बसवले. ग्लुकोमीटर माझ्या पिशवीत होता. नुकतेच मी सगळ्यांना संत्रे सोलून दिले होते, म्हणून त्यांचे बोट आधी पाण्याने धुऊन कोरडे केले. बोटाला फळाचा रस असेल तर आकडा खोटा जास्त येतो. आकडा आला ५२. जावयाने विचारले, "बावन्न म्हणजे किती?" कॅनडात साखर वेगळ्या मापात मोजतात. आपल्या आकड्याला १८ ने भागले की त्यांचा आकडा येतो, म्हणजे २.९. तिकडच्या माणसाने "चार आहे" म्हटले तर घाबरू नका आणि "तीनच्या खाली" म्हटले तर हसण्यावारी नेऊ नका. परदेशी मुलांकडे जाणाऱ्यांनी हे घरात सगळ्यांना सांगून ठेवावे.

नातीच्या दप्तरात सफरचंदाच्या रसाचा छोटा डबा होता. तोच यजमानांना प्यायला लावला. मुलीने चॉकलेट पुढे केले, ते मी थांबवले. चॉकलेटमधल्या चरबीमुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो. पहिल्यांदा रस, ग्लुकोजची पूड, नाहीतर साधी साखर द्यावी, तीन-चार लहान चमचे पुरतात. मग १५ मिनिटे थांबून पुन्हा मोजायचे, ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्यायचे. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, रस फुफ्फुसात जातो. त्याला कुशीवर वळवावे आणि मदत बोलवावी : कॅनडात ९११, भारतात १०८, इस्रायलमध्ये १०१. आमच्या मोबाईलला तिथे रेंज नव्हती. त्या प्रांतात डोंगरात अडकलेल्यांना सोडवायला स्वयंसेवकांची पथके येतात, पैसे घेत नाहीत, पण निरोप पोहोचून माणसे येईपर्यंत तास जातात. ती १५ मिनिटे मी घड्याळाकडे पाहत बसले. समोर तलाव होता, तो मला आठवत नाही.

दुसरा आकडा ८१. यजमानांनी डोळे वर करून विचारले, "काय झालं?" ओरडल्याचे त्यांना आठवत नव्हते. मग त्यांना दीड चपाती आणि बटाट्याची भाजी समोर बसून खायला लावली. रसाची साखर लवकर संपते, तिच्यामागून धान्य पोटात जावे लागते.

अजून सात किलोमीटर उतरायचे होते. या गोळीने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून दर तासाला थांबून मोजले. जावयाने त्यांची पिशवी घेतली, नातू पुढे, मी मागे. उताराने गुडघ्यांवर भार येतो, दोन काठ्यांनी तो बराच हलका होतो. दुसऱ्या दिवशी दोघांच्याही मांड्या इतक्या धरल्या की जिना उलटे होऊन उतरावा लागला. ती दुखणी दोन-चार दिवसांत जातात, त्यांची भीती बाळगू नये. गाडीपाशी पोहोचलो तेव्हा सहा वाजले होते.

झोपण्याआधी मोजले, १२४. मोठ्या श्रमानंतर रात्री झोपेतही साखर उतरते, म्हणून त्यांना दूध आणि एक पाव दिला आणि दोनचा गजर लावला. दोन वाजता १०९ होती. मी पुन्हा झोपले नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या डॉक्टरांना फोन केला. जाण्यापूर्वी त्यांच्याकडे गेलो होतो, गुडघ्यांचे आणि रक्तदाबाचे विचारले होते, पण दिवसभर डोंगर चढणार आहोत हे सांगितलेच नव्हते. त्यांनी पहिला प्रश्न तोच केला, "मला आधी का नाही सांगितलं?" अशा दिवसासाठी त्यांनी गोळीचे प्रमाण बदलून दिले. ते इथे लिहीत नाही, कारण ते यजमानांपुरते आहे. लग्नाच्या दिवशी, लांबच्या प्रवासाच्या दिवशी, उपासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की साखर उतरताना एरवी होणारी धडधड आणि थरथर त्या गोळीने झाकली जाते. घाम मात्र येतो. आणि घरच्यांनी एवढे पाहावे : शांत माणूस कारण नसताना चिडला, बोलणे तुटक झाले, तर आधी बोट टोचावे, भांडण नंतर.

त्या दिवशी संध्याकाळी यजमान नातीला जवळ बोलावून म्हणाले, "काल मी तुला ओरडलो म्हणे." ती म्हणाली, "तुम्ही नाही आजोबा, तुमची शुगर ओरडली." मग तिने आपल्या खाऊच्या डब्यातले रसाचे दोन डबे आणून त्यांच्या पिशवीत टाकले. ठाण्यात ते रोज शर्टाच्या खिशात ग्लुकोजची पुडी घेऊन तलावपाळीला जातात. पावसात ती भिजून चिकट होते, म्हणून आता प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात.